सेल्फ लागेना, क्लच सुटेना! दुचाकीच्या दोन दुखण्यांचे निदान

पनवेल : मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेल्या अटल सेतूवरही दुचाकीला मज्जाव आहे. साहजिकच पनवेलच्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला जुने रस्ते येतात. पुण्याला जायचे तर शेडुंग, चौक, खोपोली करीत बोरघाट चढायचा आणि कोकणात उतरायचे तर पळस्पे फाट्यावरून कर्नाळ्याची खिंड ओलांडायची. नोकरीसाठी तळोजा, कळंबोली, उरण किंवा बेलापूर गाठायचे तर अवजड वाहनांच्या रांगांतून वाट काढायची. अशा रस्त्यावर भर पावसात गाडी बंद पडली आणि बटन दाबूनही इंजिन हूं की चूं करेना, तर प्रश्न केवळ उशीर होण्याचा राहत नाही. मागून येणाऱ्या कंटेनरच्या चालकाला आपण दिसतो की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा असतो.

दुचाकी ऐनवेळी दगा देते, त्यामागे स्टार्टर आणि क्लच ही दोन कारणे वारंवार आढळतात. दोन्हींची लक्षणे बरीच बोलकी असतात. ती ओळखता आली, तर सैल टर्मिनलपायी नवी बॅटरी घेण्याची किंवा केबलच्या दोषासाठी क्लच प्लेटचा अख्खा संच बदलण्याची वेळ येत नाही. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चालकाला स्वतः करता येतील अशा तपासण्यांची ही माहिती.

किक गेली, बटन आले

मोटारीसाठी विजेवर चालणारा स्टार्टर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींमध्ये तो बसविण्यात आला. आपल्याकडच्या सर्वसामान्य मोटारसायकलींवर तो यायला पुढे अनेक दशके लागली. राजदूत, येझदी, जुनी बुलेट यांच्या मालकांना किकवाचून पर्याय नव्हता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटू लागले. पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर २००१ मध्ये आली त्या सुमारास बटन स्टार्ट ही चैन मानली जाई. नंतरच्या काळात ती गरज झाली आणि अनेक गाड्यांवरून किकच नाहीशी झाली.

या सोयीची किंमत बॅटरीला मोजावी लागते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट पेटलेलाच राहील, अशी रचना बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतील कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. म्हणजे आता पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणकही विजेवर अवलंबून आहे. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर अशी गाडी ढकलून चालू होईलच असे नाही. जुन्या गाड्यांचा अनुभव असलेल्यांनी हा फरक आवर्जून ध्यानात घ्यावा.

बटन दाबल्यावर काय घडते?

हँडलवरचे बटन मोटरला थेट वीज देत नाही. मोटरला लागणारा प्रवाह मोठा असतो. तो बटनाच्या बारीक तारेतून गेला, तर तार जळून जाईल. म्हणून बटन फक्त रिलेला जागे करते. रिलेतील जाड संपर्क जुळले, की बॅटरीतील वीज जाड केबलमधून स्टार्टर मोटरकडे धावते. मोटर दातेरी चक्रांच्या मदतीने क्रँकशाफ्ट फिरवते. मात्र इंजिन चालू झाल्यावर त्याने उलट मोटरलाच गरगर फिरवू नये, यासाठी मध्ये एक एकमार्गी क्लच बसविलेला असतो. गॅरेजच्या भाषेत हा ‘वन वे’. मोटर इंजिनाला फिरवू शकते, इंजिन मोटरला फिरवू शकत नाही, एवढेच त्याचे काम. डाव्या हाताच्या लिव्हरने चालणारा क्लच वेगळा आणि हा वेगळा. ‘क्लच गेला’ असे कोणी सांगितले, तर नेमका कोणता, हे विचारून घ्यावे.

याशिवाय वाटेत काही पहारेकरी असतात : चावीचा स्विच, फ्यूज, इंजिन बंद करण्याचा तांबडा किल स्विच, न्यूट्रल स्विच, क्लच लिव्हरजवळचा स्विच आणि अनेक गाड्यांत साइड स्टँडचा स्विच. यांपैकी एकानेही अडवले, तर रिलेपर्यंत संदेश पोहोचत नाही.

आवाजावरून निदान

बटन दाबल्यानंतर जे ऐकू येते, त्यावरून दोषाची जागा बरीचशी कळते.

१. काहीच आवाज नाही. सर्वप्रथम किल स्विच पाहावा. पार्किंगमध्ये कोणाचा हात लागून तो बंद झालेला असणे, हा नेहमीचा प्रकार आहे. साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहावे आणि क्लच दाबून पुन्हा प्रयत्न करावा. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबूनही स्टार्टर गप्प राहतो, पण न्यूट्रलमध्ये चालतो, असे असेल तर क्लच लिव्हरजवळच्या स्विचचा संशय घ्यावा. पावसाचे पाणी आणि धूळ यांमुळे हा लहानसा स्विच बिघडतो. त्यानंतर हॉर्न वाजवून पाहावा. हॉर्न आणि न्यूट्रलचा दिवा दोन्ही गप्प असतील, तर फ्यूज उडाला आहे, टर्मिनल निसटले आहे किंवा बॅटरी पूर्ण मेली आहे. हॉर्न खणखणीत वाजत असेल, तर बॅटरी बहुधा ठीक असून अडथळा स्विच, वायरिंग किंवा रिलेत आहे.

२. टिक-टिक-टिक असा जलद आवाज. रिले जुळते आणि लगेच सुटते आहे. मोटरने वीज मागताच व्होल्टेज कोसळते, हे त्याचे कारण. बॅटरी अशक्त आहे किंवा टर्मिनलवर गंज चढला आहे. बटन दाबताच न्यूट्रलचा दिवा मंद होत असेल, तर शंकाच उरत नाही. नवी बॅटरी घेण्यापूर्वी दोन्ही टर्मिनल सोडवून, घासून, घट्ट बसवून पाहावीत.

३. एकदाच ‘टक्’ आणि शांतता. रिले जुळली, पण मोटर फिरली नाही. रिलेचे आतील संपर्क जळालेले असतील, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील किंवा इंजिनच जाम झालेले असेल. किक असलेल्या गाडीत किक हाताने हलकेच दाबून इंजिन फिरते का, ते पाहता येते. किक नसेल, तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, चावी बंद ठेवून पुढे-मागे ढकलावी. इंजिन फिरत असेल, तर दोष विजेच्या मार्गात आहे.

४. मोटर घुंई करून फिरते, इंजिन मात्र हलत नाही. हे ‘वन वे’चे लक्षण. आतील रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंग झिजल्या, की पकड सुटते. सुरुवातीला दहा वेळांपैकी दोनदा असे होते, नंतर प्रमाण वाढत जाते. क्वचित दातेरी चक्राचे दातही तुटलेले असतात. बॅटरी बदलून यावर उपाय होत नाही; इंजिनाचे बाजूचे कव्हर उघडावेच लागते.

५. इंजिन रेंगाळत फिरते. बॅटरी अर्धवट उतरली आहे, इंजिनाकडची अर्थची तार सैल आहे किंवा मोटरचे ब्रश अखेरच्या घटका मोजत आहेत. हेडलाइटचा प्रकाश नेहमीसारखा असूनही मोटर रेंगाळत असेल, तर ब्रश तपासून घ्यावेत.

६. इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही. येथे स्टार्टर निर्दोष आहे. पेट्रोल, स्पार्क प्लग, हवेचा फिल्टर यांच्याकडे वळावे. बटन पुनःपुन्हा दाबून बॅटरी संपविण्यात अर्थ नाही.

७. बटन सोडले तरी मोटर फिरतच राहते. रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले आहेत. चावी बंद करूनही मोटर थांबणार नाही, कारण जाड केबलचा मार्ग चावीतून जात नाही. बॅटरीचे ऋण टर्मिनल तत्काळ सोडवणे हाच उपाय. अन्यथा मोटर जळते.

मल्टिमीटर काय सांगतो?

साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ असेल, तर अंदाजाची जागा आकडे घेतात. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ च्या आसपास चालण्यासारखे. १२ किंवा त्याखाली म्हणजे बॅटरी उतरलेली. मात्र उभ्या गाडीतील आकडा अर्धेच सत्य सांगतो. खरी परीक्षा बटन दाबताना होते. त्या क्षणी व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी भार पेलू शकत नाही. आकडा बारा-साडेबारावरच स्थिर राहिला आणि मोटर फिरली नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही.

इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२ च्या घरातच रेंगाळत असेल, तर चार्जिंग होत नाही. नवी बॅटरीही आठवड्याभरात उतरेल. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी उकळते आहे.

अर्थची तपासणी सहसा कोणी करीत नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून बटन दाबावे. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ ते ०.३ व्होल्ट असावा. त्याहून बराच जास्त आला, तर अर्थच्या जोडात गंज आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा दोष विशेष संभवतो.

रिलेचे दोन जाड बोल्ट पेचकसने जोडून मोटर फिरते का पाहणे, ही गॅरेजमधील प्रचलित युक्ती. मोटर फिरली तर दोष रिलेत किंवा तिच्या अलीकडे, हे त्यातून कळते. परंतु या वेळी ठिणग्या उडतात आणि सर्व सुरक्षा स्विच डावलले जातात. गाडी गिअरमध्ये असल्यास ती उडी घेते. पेट्रोलचा वास येत असताना हा प्रयोग कदापि करू नये. सामान्य चालकाने तो जाणकारावरच सोपवावा.

क्लचची तीन दुखणी

मोटारसायकलीचा क्लच म्हणजे घर्षणाच्या आणि पोलादाच्या चकत्यांची एकाआड एक रचलेली चळत. स्प्रिंग या चळतीला दाबून ठेवतात, म्हणून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. लिव्हर दाबली, की दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून घसरू लागतात. बहुतेक मोटारसायकलींत ही चळत इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजलेली असते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिले दुखणे, क्लच घसरणे. रेस दिली की इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर हे ठळकपणे जाणवते. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे घाट चढताना गाडीचा ‘दम’ गेल्यासारखे वाटते, ॲव्हरेज घटते, जळका वास येतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असताना एकदम रेस द्यावी. आवाज चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. उभ्या गाडीत पुढचा ब्रेक घट्ट धरून, तिसऱ्या गिअरमध्ये किंचित रेस देऊन क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडायला हवे. ते चालूच राहिले, तर पकड गेली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगल्या प्लेटही जळतात.

दुसरे दुखणे, क्लच पूर्ण न सुटणे. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना ‘खट्’ असा मोठा आवाज होतो, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. केबल सैल झालेली असणे, पोलादी चकत्या वाकलेल्या असणे किंवा क्लच हाउसिंगच्या कडांवर खाचा पडलेल्या असणे, ही त्याची कारणे. अशा गाडीत गिअर टाकून, क्लच दाबून सेल्फ मारला, तर इंजिन जड फिरते किंवा गाडीच हिसका घेते. चालक स्टार्टरला दोष देतो, प्रत्यक्षात दोषी क्लच असतो. म्हणूनच गाडी न्यूट्रलमध्ये चालू करण्याची सवय चांगली.

तिसरे दुखणे, थरथर. क्लच सोडताना गाडी एकसंध न निघता हिसके देत निघते. असमान झिजलेल्या प्लेट किंवा खाचा पडलेले हाउसिंग यांमुळे असे होते. नव्या प्लेट टाकूनही थरथर जात नसेल, तर हाउसिंग तपासायचे राहून गेले आहे असे समजावे.

आधी केबल, मग ऑइल, शेवटी प्लेट

तपासणीचा हा क्रम पाळला, तर पुष्कळ पैसा वाचतो. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल असावी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चाल शून्य असेल, तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटही घसरू लागतात. चाल फार असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्हींवर उपाय म्हणजे ॲडजस्टरचा नट फिरवणे. त्याला पाच मिनिटे पुरतात.

दुसरा मुद्दा ऑइलचा. ओल्या क्लचच्या मोटारसायकलीसाठी जपानी मानकानुसार ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ दर्जाचे ऑइल लागते. डब्यावर तशी नोंद असते. मोटारीसाठीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारीला ती उपकारक, पण मोटारसायकलीच्या क्लचला घसरवणारी. ऑइल बदलल्यानंतर लगेच क्लच घसरू लागला असेल, तर प्लेटआधी डबा तपासावा. ‘जासो एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल प्रामुख्याने कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते, मोटारसायकलीसाठी नव्हे.

केबल आणि ऑइल दोन्ही योग्य असूनही घसरण थांबत नसेल, तरच इंजिनाची बाजू उघडावी. प्लेटची जाडी मोजून कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहावी. स्प्रिंगची लांबीही मोजायला सांगावी. थकलेल्या स्प्रिंगखाली नव्या प्लेट टिकत नाहीत.

किकवरूनही क्लचची अवस्था कळते. किक गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबून मारता येत असेल, तर तिचा जोर चकत्यांमधून जात नाही. किक फक्त न्यूट्रलमध्येच चालत असेल, तर तो जोर सहसा क्लचमधून जातो. जुन्या बुलेटमध्ये हीच रचना होती. अशा गाडीत किक सपकन खाली जाते आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा किकइतकाच क्लचचाही संशय घ्यावा.

घाट आणि पूर

घाट उतरताना अनेक जण पेट्रोल वाचवण्याच्या समजुतीने क्लच दाबून ठेवतात. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. खालचा गिअर आणि सोडलेला क्लच हीच उतारावरची सुरक्षितता. घसरणारा क्लच उतारावरही तितकाच घातक आहे, कारण गिअर खाली टाकला तरी इंजिन गाडीला पुरेसे रोखू शकत नाही.

पावसाळ्यात गाढी नदीकाठच्या आणि सखल वस्त्यांत पाणी शिरण्याची धास्ती पनवेलकरांना परिचित आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीची झळ रायगड जिल्ह्यालाही बसली होती. पाण्यात बुडालेल्या गाडीचे बटन उत्सुकतेपोटीही दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ‘वन वे’ तुटतो. बॅटरीचे टर्मिनल सोडवावे, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर जाऊ द्यावे, ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलावे आणि मगच गाडी चालू करण्याचा विचार करावा.

एरवीही बटन सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि दोन प्रयत्नांत किमान दहा-पंधरा सेकंदांची विश्रांती द्यावी. अशक्त बॅटरीवर सतत सेल्फ मारल्याने इंजिन उलटा झटका देते आणि तो थेट ‘वन वे’वर बसतो. स्वस्तातली बॅटरी वेळेवर न बदलल्याने इंजिन उघडण्याचा खर्च अंगावर येतो, तो असा.

लांबच्या प्रवासाला निघताना क्लच केबलची दोन्ही टोके पाहून घ्यावीत. लिव्हरजवळ एखादी तार जरी तुटलेली दिसली, तरी केबल बदलावी. उरलेल्या तारा फार काळ टिकत नाहीत. जुनी पण सुस्थितीतील केबल नव्या केबलच्या बाजूने बांधून ठेवली, तर आडरस्त्यावर फक्त टोके बदलून गाडी मार्गी लागते.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

‘सेल्फ खराब आहे’ किंवा ‘क्लच प्लेट टाका’ असा निष्कर्ष सांगण्याऐवजी लक्षण सांगावे : बटन दाबल्यावर कोणता आवाज येतो, दोष थंड इंजिनात होतो की तापल्यावर, पावसानंतर सुरू झाला की ऑइल बदलल्यावर. बॅटरी बदलायला सांगितली, तर बटन दाबताना व्होल्टेज किती उतरते, ते समोर मोजून दाखवायला सांगावे. क्लच प्लेट बदलायच्या असतील, तर त्यांची जाडी मोजायला सांगावी. बदललेले सुटे भाग परत मागावेत आणि बिल घ्यावे. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागताना तेच कामी येते. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट त्याचे अर्धे काम हलके होते.

रस्त्यातच गाडी बंद पडली, तर मात्र निदानाची घाई करू नये. प्रथम ती डाव्या कडेला, शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यावी, इंडिकेटर चालू ठेवावा आणि स्वतः गाडीच्या मागे, वाहनांकडे पाठ करून उभे राहू नये. किल स्विच, स्टँड, फ्यूज आणि टर्मिनल यांची तपासणी त्यानंतर.